समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

वाचक विचारतात

पर्यावरण आणि विकास या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असा ढीगच आला. त्यातले निम्मे "विकास हवा की निसर्ग हवा" याच छापाचे होते, ते बाजूला ठेवलेत, कारण त्यावर निबंध होतो, उत्तर होत नाही. ज्यांनी आपल्या गावाचं, आपल्या पोटापाण्याचं विचारलंय तेवढे घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी डहाणू तालुक्यातला. वय २४, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या कंत्राटावर बारा तास ड्युटी करतो. वाढवण बंदरावरून आमच्या घरात रोज खटके उडतात. काका मासेमारी करतात, बाबांची चिकूची छोटी वाडी आहे आणि मला मनातून वाटतं की बंदर यावं, निदान जवळ बरी नोकरी मिळेल. काका मला घरभेदी म्हणतात. बंदर हवं म्हणणारा पर्यावरणाचा शत्रू असतो का? आणि नको म्हणणारे खरंच विकासाच्या विरोधात असतात का?

अरे, दोन्ही नाही. चोवीस वर्षांच्या पोराला चांगली नोकरी हवी यात घरभेदीपणा कसला आलाय. पण तुझ्या घरातलं भांडण निसर्ग विरुद्ध पैसा असं नाहीचे मुळी. काकांचा धंदा आहे, बाबांचा धंदा आहे, चिंचणी-वरोरकडे डायमेकिंगवर (दागिन्यांचे साचे बनवण्यावर) घरं चालतात तोही धंदाच, आणि बंदर हा पण धंदा. एका रोजगाराच्या जागेवर दुसरा रोजगार येऊ बघतोय. मग विचारायचं ते एवढंच, की आधीच्या रोजगाराची किंमत कुणी काढली का, आणि काढली असेल तर कशावरून.

जरा मागचं बघ. तुझा अख्खा तालुका २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलाय, उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर अशी मर्यादा घातलीये. ते पाळलं जातंय का हे बघायला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणानं १९९८ मध्ये वाढवणच्याच बंदराला नाही म्हटलं होतं. पण सगळ्यालाच नाही म्हणत होते असं नाही हं. डहाणूचं ५०० मेगावॉटचं थर्मल पॉवर स्टेशन चालू राहिलं, फक्त धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा म्हणून ते मागे लागले आणि बरीच वर्षं रखडून का होईना २००७ मध्ये ती बसली. म्हणजे हो आणि नाही यांच्या मधे बरीच जागा असते, कुणी चिकाटीनं पाठीमागे लागणारं असलं तर. मग २०२३ च्या ३१ जुलैला त्याच प्राधिकरणानं (माणसं अर्थात वेगळी) बंदराला अटी घालून परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ऑगस्टमध्ये भूमिपूजनही झालं.

सरकारचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाहीये. तिथे किनाऱ्यापासून जवळच २० मीटर खोली नैसर्गिकरीत्या मिळते, एकदम मोठी कंटेनर जहाजं लागू शकतात, न्हावा-शेव्याच्या बंदराला तेवढी खोली नाही. पण १२ लाख रोजगार हा जो आकडा सगळीकडे फिरतो त्यात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही धरलेत, म्हणजे ट्रकवाले, गोदामं, हॉटेलं, सगळं. आजकालच्या कंटेनर टर्मिनलवर माणसं कमी आणि मशीन जास्त असतात. तेव्हा तुझ्यासारख्यानं विचारायचं ते असं : क्रेन आणि उपकरणांच्या देखभालीचं ट्रेनिंग कोण देणार, कधीपासून, त्यात तालुक्यातली किती मुलं घेणार, आणि नोकरी बंदराच्या पगारपत्रकावर की परत ठेकेदाराच्याच? हे लेखी मिळत नसेल तर तू आत्ता जिथे आहेस तिथेच राहशील, फक्त गेट बदलेल.

आता काकांची बाजू. बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे आणि १० किलोमीटरहून लांब ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत. रस्त्याला, रेल्वेला जमीन जाते तेव्हा कायद्यानं मोबदला मिळतो, कमी-जास्त मिळेल, भांडावं लागेल, पण हातात सातबारा असतो. समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर? काकांच्या आजोबांपासून ज्या खडकाळ पट्ट्यात जाळी टाकतायत तिथला एक कागद त्यांच्याकडे नाही. बोटीचं रजिस्ट्रेशन आहे, डिझेलच्या सबसिडीचं कार्ड आहे, पण जागा? ती सरकारची. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा केलं, फोटो छापून आले, पण पापलेट जिथे वाढतं त्या पाण्यावर कोळ्याचा हक्क किती हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि जे लिहिलेलं नाही ते प्रकल्प अहवालाच्या खर्चाच्या रकान्यात येत नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये, न्हावा-शेव्याचंच बघ. जमीनवाले शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. जमीन होती म्हणून टक्केवारी तरी ठरवता आली. जुन्या शेवा गावचे कोळी उरणला तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या वसाहतीत आले, घरांना वाळवी लागली, आणि तात्पुरतं म्हणता म्हणता पिढी गेली. खाडीतल्या मासेमारीचं नुकसान म्हणून १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी द्या असा आदेश हरित लवादानं (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) काढला तो २०१५ मध्ये. बंदर सुरू झालं होतं १९८९ ला! आणि तो आदेशही पुढे सुप्रीम कोर्टात गेलाच.

तेव्हा काकांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून एक काम कर. त्यांच्या सोसायटीतल्या बोटी किती, कुठल्या महिन्यात कुठे जातात, काय मिळतं, लिलावात काय भाव येतो, मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायका किती (यांना तर कुणीच मोजत नाही), सगळं लिहून काढ. जीपीएस असतंच बोटींवर. बंदर झालं तरी ही वही लागेल आणि कोर्टात काही वेगळं ठरलं तरी लागेल. आणि तुझी ट्रेनिंगची मागणी पण त्याच निवेदनात घाल, वेगळी नको.

प्रश्न : मी खेड तालुक्यात शिक्षिका आहे. जवळच्या एका कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी लागणार आहे म्हणतात. जाऊन काही उपयोग असतो का हो? आमच्याकडे सगळे म्हणतात आधीच ठरलेलं असतं, चहा-बिस्किटं खाऊन यायचं.

बाई, चहा घ्या पण रिकाम्या हातानं जाऊ नका.

आधी कडू गोष्ट सांगते. २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीत मतदान नसतं. गाव नको म्हणालं म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. आणि तो पर्यावरण आघात अहवाल लिहिणारा सल्लागार कंपनीच नेमते आणि कंपनीच त्याचं बिल भरते, त्यामुळे "परिणाम नगण्य" हे शब्द तुम्हाला दर चार पानांनी दिसतील. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली मोठी खोट हीच आहे, सल्लागाराचे पैसे एखाद्या सरकारी निधीतून गेले असते तर अर्धे अहवाल वेगळे लिहिले गेले असते.

पण उपयोग असतो, तो असा. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, किमान ३० दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, शेवटी आलेले मुद्दे तिथेच वाचून दाखवायचे असतात. तुमचा आक्षेप नोंदला गेला की कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं आणि तज्ज्ञ समितीला ते बघावं लागतं. पुढे कोणी हरित लवादाकडे गेलं तर वकील पहिल्यांदा हेच मागतो की सुनावणीत हा मुद्दा कुणी मांडला होता का. तर लेखी द्या, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

आणि अहवालात काय बघायचं? पहिल्यांदा बघा मोजमाप कुठल्या महिन्यातलं आहे. पुष्कळ वेळा हवा-पाण्याचे नमुने एकाच हंगामातले असतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो, नियमच तसा आहे. आता कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सगळा सांडपाण्याचा, ओढ्याचा, पुराचा खेळ जून ते सप्टेंबरात होतो, आणि अहवालातलं पाणी मार्चचं! हा एक प्रश्न नीट विचारलात तरी टेबलामागचे लोक एकमेकांकडे बघायला लागतात. मग बघा नकाशात तुमच्या वाडीची विहीर, शाळा, पऱ्ह्या (ओढा) दाखवलाय का. विस्तार आहे म्हणताय तर जुन्या परवानगीतल्या अटी किती पाळल्या त्याचा सहामाही अहवाल मागा, तो सार्वजनिक असतो, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा.

परवानगी मिळाल्यावर लवादात जायला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. तारखेवर डोळा ठेवा, लोक हमखास इथे चुकतात. आधी बांधायचं आणि मग परवानगी घ्यायची हा जो प्रकार आहे तो सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये बेकायदा ठरवला होता, मग नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागेही घेतला. त्यामुळे "झालंय ते झालंय" हा युक्तिवाद इतक्यात मरणार नाही. काम सुरू झालेलं दिसलं तर फोटो तारखेसकट काढून ठेवा.

प्रश्न : आम्ही लातूर जिल्ह्यातले. पाच एकर रान, दोन बोअर, त्यातलं एक गेलं. टीव्हीवर पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ येऊन सांगतात ऊस लावू नका, ऊस पाणी पितो. मग आम्ही काय लावावं ते कोणी सांगत नाही. ऊस सोडला तर घर कसं चालणार? तुम्ही पण तेच सांगणार असाल तर उत्तर देऊ नका.

दादा, उत्तर देते, मग राग आला तर परत लिहा.

ऊस पाणी पितो हे खरंय. दोन-अडीच हजार मिलिमीटर लागतं आणि तुमच्याकडे पाऊस सातशे-आठशेच्या आसपास, तोही वेळेवर आला तर. कृषिमूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय की राज्यात लागवडीखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्याही आत पण सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी त्याला. पण हे तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे, ज्याचं बोअर गेलंय त्याला पाण्याचं गणित टीव्हीवाल्यांनी शिकवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

लोक ऊस लावतात ते आडमुठेपणानं नाही. बघा ना, उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, २०२५-२६ ला सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि ती कायद्यानं बांधील आहे, १४ दिवसांत पैसे नाही दिले तर व्याज लागतं. देतात का वेळेवर, तो भाग वेगळा, पण मागायला कायदा आहे. त्याच वर्षी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये होता, सोयाबीनचा ५,३२८, आणि बाजारात व्यापाऱ्यानं त्याच्या खाली घेतलं तर त्याला कोण काय करतं? काही नाही. उसाला गारपीट झाली तरी काहीतरी हाती लागतं, तोडणीला टोळी कारखाना पाठवतो, बँक उसावर कर्ज देते. म्हणजे सरकारनं सगळी जोखीम एकाच पिकाची उचललीये आणि मग शेतकऱ्याला म्हणायचं तेवढं सोडून बाकी काहीही लावा. त्यात इथेनॉलचं धोरण आणखी वेगळं, आधी रसापासून करा म्हणून कारखान्यांना प्लांट घालायला लावले, डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशानं थांबवलं, मग आठवड्याभरात थोडं सोडलं.

तरीही माझं म्हणणं आहे की पाच एकर ऊस तुमच्या रानात टिकणार नाही. त्याचं कारण तुमच्या पायाखाली आहे. मराठवाड्यात खाली काळा कातळ, बेसाल्ट. त्याच्यात पाणी साठतं ते फटीत आणि मुरमात, एकूण खडकाच्या दोन-तीन टक्के जागेत फार तर. दोनशे फुटांच्या खाली गेलात की जे लागतं ते कधीतरीचं जुनं साठलेलं पाणी, ते एका पावसाळ्यात परत भरत नाही. म्हणून तर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीला आणि कारखान्याला ६० मीटरपेक्षा खोल बोअर नको असं लिहिलंय. कोण पाळतं? तुमचं जे बोअर गेलं ते कदाचित शेजाऱ्याच्या खोल बोअरनं ओढलं असेल आणि तुमच्या दुसऱ्यानं कुणाची तरी विहीर आटवली असेल. जमीन माझी म्हणजे खालचं पाणी माझं हा समज १८८२ च्या इंग्रजी कायद्यापासून चालत आलाय, पण पाणी बांध बघून थांबत नाही. आणि ज्यांच्या नावावर रानच नाही, दोन किलोमीटरवरून हंडा आणणारी बाई, तिच्या पाण्याचा तर कसलाच कागद नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते याच लातूरला, प्यायला. त्या वर्षी जिल्ह्यात ऊसही होता हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

मग करायचं काय? सगळा ऊस एकदम मोडू नका. निम्म्याहून कमी क्षेत्रावर आणा, तेवढ्याला ठिबक करा, पाचट जाळू नका, आच्छादन म्हणून ठेवा, आणि लागण करताना बोअरला मे महिन्यात किती पाणी असतं त्यावर क्षेत्र ठरवा, सप्टेंबरात किती असतं त्यावर नाही. पण एक सावध करते, ठिबक आलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावायचा मोह होतो आणि मग जमिनीखालचं पाणी होतं तिथेच, म्हणजे खालीच. राहिलेल्या रानात तूर, हरभरा, करडई, जमलं तर रेशीम.

एकट्यानं करून मात्र भागत नाही हे खरं. हिवरे बाजारात बोअर आणि ऊस दोन्हीवर गावानं बंदी घातली, दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरवतात, पोपटराव पवारांचं नाव त्यानं झालं. सगळी गावं तशी होतील यावर माझा विश्वास नाही, तिथे भाऊबंदकी नव्हती का, होती, पण पुढारी एकच होता आणि कारखाना दारात नव्हता. तुमच्या गावात बंदी नको, निदान पाणीपातळी मोजून चावडीवर लिहायला सुरुवात करा. आपल्या शेजाऱ्याचं बोअर किती खोल आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

प्रश्न : माथेरानला गाडी बंद म्हणून कौतुक होतं पण तिथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढतो. हे कसलं पर्यावरण? (बदलापूर)

बरोबर बोट ठेवलंत. माथेरान फेब्रुवारी २००३ मध्ये संवेदनशील क्षेत्र झालं, दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नाही. हवा चांगली राहिली, झाडं राहिली, आणि त्या चांगल्या हवेचं ओझं ओढलं ते ९४ परवानाधारक रिक्षावाल्यांनी आणि त्यांच्याकडे भाड्यानं काम करणाऱ्यांनी. ई-रिक्षा चालेल असं तेच लोक वर्षानुवर्षं मागत होते. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून थोड्या सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि त्याच लोकांना ई-रिक्षा द्या. घोडेवाल्यांचा विरोध आहे, त्यांचाही धंदा आहे, पण शेकडो घोड्यांची लीद पावसात कुठे वाहून जाते हे वर जाऊन बघून या. मला यात एवढंच म्हणायचंय की बॅटरीची चारचाकी कुणी हॉटेलवाल्यानं आणली असती तर ती कधीच चढली असती. पुढच्या वेळी गेलात तर ई-रिक्षात बसा आणि चालवणारा आधी रिक्षा ओढणाऱ्यांतला आहे का ते विचारा, ठेकेदाराचा पगारी असेल तर समजा कोर्टाचं अर्धंच ऐकलंय.

प्रश्न : रस्त्यासाठी एक झाड तोडून पाच लावली तर फायदाच ना? चार जास्त झाली! (ठाणे, इयत्ता नववी)

बाळा, गणितात पैकीच्या पैकी. पण तोडलेला वड साठ वर्षांचा आणि लावलेली रोपं दीड फुटाची, आणि ती लावली तिसऱ्याच तालुक्यात. तुझ्या शाळेसमोरची सावली गेली ती गेलीच. म्हणून राज्यानं २०२१ मध्ये शहरांतल्या झाडांच्या कायद्यात बदल केला, झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, म्हणजे साठ वर्षांच्या वडाला साठ. आणि पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज. मग गंमत अशी व्हायला लागते की कागदावर झाडांची वयं कमी भरतात! तू एक कर, शाळेजवळच्या मोठ्या झाडांचा घेर टेपनं मोजून वहीत लिही, फोटो काढ, आणि आजी-आजोबांना विचार हे कधीपासून इथे आहे. झाडावर नोटीस चिकटलेली दिसली तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत जाते, मुदत अगदी थोडी असते, घरच्या कुणा मोठ्याला त्याच दिवशी सांग.

प्रश्न : मी डिचोली, गोवा. खाण बंद झाली तेव्हा आमचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थकले, फार वाईट दिवस काढले. आता परत खाणी सुरू होतायत. मुलगा नवीन टिपर घेऊया म्हणतो. पर्यावरणवाल्यांमुळेच आमचं वाटोळं झालं असं इथे सगळे म्हणतात. तुमचं मत?

वाईट दिवस काढलेत त्याबद्दल शंकाच नाही, आणि खाण बंद करताना ट्रकवाल्याचं, बार्जवाल्याचं काय होणार याचा विचार फारच उशिरा झाला, कर्जमाफीच्या योजना वगैरे मागाहून आल्या. पण वाटोळं कुणी केलं ते जरा क्रमानं बघूया.

बीजिंग ऑलिंपिकच्या आसपास चीनला कसलंही लोखंड हवं होतं, अगदी गोव्याचं हलक्या प्रतीचं सुद्धा. दहा वर्षांत माल दुप्पट-तिप्पट झाला, वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास गेला. त्या भरात घरोघरी ट्रक आले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये आला, बेकायदा खाणकामाचा आकडा सुमारे ३५,००० कोटी, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं सगळं थांबवलं. एप्रिल २०१४ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की लीज तर २००७ लाच संपल्या होत्या. म्हणजे पाच वर्षं जो माल निघाला तो कशावर निघाला? मग सरकारनं त्याच ८८ लीज त्याच लोकांना परत दिल्या, लिलावाचा कायदा येतोय हे दिसत असताना, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टानं त्या रद्द केल्या, मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. तेव्हा पर्यावरणवाले कोर्टात गेले हे खरं, पण कागद कच्चा ठेवून धंदा पळवला तो त्यांनी नव्हे. आणि त्याची किंमत भरली ती हप्तेवाल्यांनी, खाणमालकांचं नुकसान तुमच्याइतकं दारात येऊन उभं राहिलं नाही.

दुसरी बाजू तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की आतलं पाणी सतत उपसून बाहेर टाकावं लागतं, मग आजूबाजूच्या विहिरी आटतात, आणि पावसात लाल गाळ शेतात उतरतो. एकेकाचं भात, कुळागर (सुपारी-नारळाची बाग), तळं गेलं. त्यांच्याही नुकसानीची पावती कुणाकडे नव्हती.

२०१४ च्या निकालातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर बोललं जात नाही. कोर्टानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमच्या निधीत टाकायला सांगितली, कारण खनिज एकदाच निघतं, ते पुढच्यांचंही आहे. नॉर्वेनं तेलाच्या पैशाचं १९९० पासून असंच केलंय. त्याशिवाय २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा असतो, तो खाणबाधित गावांसाठीच. तुमच्या ग्रामसभेत यावर्षी विचारा, आपल्या जिल्ह्यात किती जमला, गावाला काय आलं, विहिरींना काय दिलं, आणि खाण बंद पडली तर वाहतूकदारांसाठी त्यातलं काही राखून ठेवता येतं का.

टिपरचं म्हणाल तर घाई करू नका. आता लीज लिलावानं जातायत, तेव्हा तुमच्या भागातला ब्लॉक कुणाला गेला, त्याला पर्यावरण परवानगीत वर्षाला किती टन मंजूर आहेत, वाहतुकीचा रस्ता कुठून आणि दिवसाला किती फेऱ्या चालतील, सगळं त्या परवानगीपत्रात लिहिलेलं असतं, ते परिवेशवरून काढून घ्या. मंजूर टनांना दहा टनांच्या गाडीनं भागा, कामाचे दिवस पकडा, आणि गावात आधीच किती ट्रक उभे आहेत ते मोजा. वाट्याला येणाऱ्या फेऱ्यांत हप्ता, डिझेल आणि ड्रायव्हर निघत नसेल तर जुनाच ट्रक दुरुस्त करा, आणि मुलाला सांगा की कंपनीकडून वाहतुकीचा लेखी करार येईपर्यंत बँकेच्या कागदावर सही करायची नाही.